काडतुसाची कसोटी

शिकारीच्या जुन्या हकिकती वाचताना वाचकाचे लक्ष साहजिकच जनावराकडे आणि शिकाऱ्याच्या धैर्याकडे जाते. बंदुकीत भरलेल्या काडतुसाकडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः चाप ओढल्यानंतर जे घडे, त्याचा बराचसा निकाल कित्येक दिवस आधीच लागलेला असे. ओसरीवर तराजू मांडून दारू तोलताना आणि नंतर मोकळ्या माळावर कागदाच्या निशाणावर गोळ्या झाडताना तो लागे. स्वतःच्या हाताने भरलेली दारू व गोळी आपल्या बंदुकीतून नेमकी कोठे जाते, हे शिकारी कसे तपासत असत आणि त्या तपासणीत त्यांची फसगत कोठे होत असे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

या विषयाचा छत्तीसगडशी निकटचा संबंध आहे. रायपूर शहर महानदीच्या खोऱ्यातील सपाट भातशेतीच्या मुलखात वसले आहे. परंतु तेथून दक्षिणेस वा पूर्वेस काही मजल गेले की सालवृक्षांची जंगले सुरू होतात. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती होऊन हा सारा प्रदेश त्यात समाविष्ट झाला. त्या काळी या जंगलांत वाघ, गवा आणि रानम्हैस यांची मोठी वस्ती होती. रानम्हशीच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकते. अशा जनावरावर कमजोर किंवा भरकटणारी गोळी झाडणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे आणि त्या मुक्या प्राण्याला कित्येक दिवसांच्या यातना देणे होय.

फॉर्सिथची मांडणी

मध्यप्रांताच्या प्रारंभीच्या अधिकाऱ्यांत जेम्स फॉर्सिथ हे नाव प्रसिद्ध आहे. निमाडची जमाबंदी त्याने पाहिली, काही काळ वनसंरक्षकाचे कामही केले. १८६२ मध्ये त्याने पचमढीला बांधलेले ‘बायसन लॉज’ पर्यटकांना परिचित आहे. सातपुड्याच्या पहाडांवरील व पूर्वेकडील सालवनांवरील त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झाला. मात्र त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

तो काळ ठासणीच्या बंदुकांचा होता. दारू नळीच्या तोंडातून ओतावयाची, तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने वरून ठासावयाची आणि मागे टोपी बसवावयाची, अशी रीत होती. म्हणजे प्रत्येक बार हा हाताने भरलेलाच असे. दारू किती, गोळी कोणत्या वजनाची, शीस मऊ ठेवावे की कथील मिसळून कठीण करावे, हे सर्व ज्याचे त्याने ठरवावयाचे. बंदुकीचे माप सांगण्याची पद्धतही त्या काळाला साजेशी होती. एक पौंड शिशाच्या जितक्या गोल गोळ्या होतील तो त्या बंदुकीचा ‘बोर’. चौदा बोरची गोळी म्हणजे पौंडाचा चौदावा हिस्सा, सुमारे ३२ ग्रॅमची.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि तिची दिशा स्थिर राहते. लष्करी रायफलींचे आटे लांबट गोळीसाठी व दूरच्या माऱ्यासाठी बेतलेले होते. अशाच घट्ट आट्यांतून गोल गोळी मोठ्या दारूने झाडली, तर ती आट्यांबरोबर न फिरता त्यांवरून घसरत जाते आणि नेम बिघडतो. म्हणून शिकारी दारू कमी करीत. परंतु दारू कमी केली की गोळी मंद होते व हवेत लवकर खाली येते. फॉर्सिथने या पेचावर उपाय सुचविला, तो असा की आटे अतिशय सैल असावेत, गोळीचा एक पूर्ण फेरा होण्यास शंभर इंचांहून अधिक लांबी लागावी, आणि मग दारू भरपूर घालावी.

दारू भरपूर का हवी, हे साध्या हिशेबाने समजते. नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून पृथ्वीकडे पडू लागते. तिचा सरासरी वेग सेकंदाला १२०० फूट असेल, तर १०० यार्ड जाण्यास पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे १२ इंच खाली येते. वेग १५०० फूट असेल, तर वेळ एक पंचमांश सेकंद होतो आणि उतार पावणेआठ इंचांवर येतो. जंगलातील छायाप्रकाशात अंतराचा अंदाज हमखास चुकतो. ज्या गोळीचा मार्ग सपाट, तिला ही चूक कमी भोवते. फॉर्सिथचा सारा आग्रह यासाठीच होता.

पुढे ब्रीचमधून भरावयाच्या बंदुका व पितळी काडतुसे आली, लांबट गोळीने गोल गोळीला मागे टाकले आणि फॉर्सिथच्या सैल आट्यांची गरज उरली नाही. परंतु त्याच्या विवेचनातील मुख्य गोष्ट जुनी झालेली नाही. नळी, आटे, दारू आणि गोळी हे सर्व मिळून एकच यंत्र आहे; त्यातील एक अंग बदलले की सर्वांची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते. एका बंदुकीत उत्तम ठरलेले काडतूस शेजाऱ्याच्या तशाच बंदुकीत तितकेच उत्तम ठरेल, असे नाही.

परीक्षेची रीत

काडतुसाची परीक्षा घ्यावयाची म्हणजे माणसाचे दोष शक्य तितके बाजूला ठेवावयाचे. उभ्याने झाडलेली गोळी चुकली, तर हात हलला की काडतूस वाईट, हे सांगता येत नाही. म्हणून भक्कम टेबल, बसावयास आसन, आणि बंदुकीच्या पुढच्या व मागच्या भागाखाली वाळूच्या पिशव्या, अशी मांडणी करतात. नळी स्वतः पिशवीवर टेकवावयाची नसते. पुढचा लाकडी भाग टेकवावयाचा असतो. कठीण आधारावर नळी टेकली, तर ती धक्क्याने उसळते आणि गोळी वर लागते.

दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. दारूचे वजन बदलले, तर गोळी, टोपी आणि पुंगळी तीच ठेवावयाची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. दारू ‘ग्रेन’ या सूक्ष्म मापाने तोलतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. प्रत्येक बाराची नोंद वहीत करावयाची. तारीख, हवामान, दारूचे वजन, पुंगळी कितव्यांदा भरली, आणि कागदावर गोळी कोठे लागली, हे सारे त्या नोंदीत यावे. ज्याच्यापाशी वही नाही, त्याच्यापाशी परीक्षाही नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

कागदावर दोन निरनिराळ्या गोष्टी पाहावयाच्या असतात. एक, सर्व छिद्रांचा मध्य निशाणाच्या मध्याशी जुळतो की नाही. दुसरी, छिद्रे परस्परांपासून किती विखुरली आहेत. पहिला दोष माशी किंवा खाच सरकवून दूर करता येतो. दुसरा दोष असा दूर होत नाही, कारण तो काडतुसाचा व नळीचा आहे. नवशिका नेमके उलट करतो. निशाणाच्या मधोमध एक छिद्र पडले की तो संतुष्ट होतो आणि बाकीची विखुरलेली छिद्रे स्वतःच्या हाताच्या चुकीवर घालतो. खरे पाहता, निशाणापासून चार इंच डावीकडे एकाच रुपयाखाली झाकली जातील अशी छिद्रे पाडणारे काडतूस हेच चांगले काडतूस होय.

काडतूस चांगले असण्याचे एक कारण म्हणजे प्रत्येक बाराला वेग सारखा असणे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, तो किती मागे झुलतो यावरून वेग काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज हेच काम विजेवर चालणारी लहानशी उपकरणे क्षणात करतात. मात्र वेग सारखा असला म्हणजे छिद्रे जवळ पडतीलच असे नाही. गोळी नळीतून जात असताना नळी कंप पावते. ज्या क्षणी गोळी बाहेर पडते, त्या क्षणी नळीचे तोंड कोठे आहे, यावरही पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून अखेरचा निवाडा कागदाचाच.

तीन गोळ्यांचा मोह

आता फसगतीचे मुख्य स्थान पाहू. काडतुसे महाग आणि खांद्याला बसणारा धक्का मोठा. त्यामुळे थोड्या गोळ्यांवर निकाल देण्याचा मोह फार. तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की परीक्षा संपली, असे मानले जाते.

संख्याशास्त्र याबाबत निराळे सांगते. समजा, एका बंदुकीच्या व काडतुसाच्या जोडीत तीन गोळ्यांच्या पुंजक्याची रुंदी, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर, सरासरी २ इंच येते. त्याच जोडीतून दहा-दहा गोळ्या झाडल्या, तर पुंजक्याची रुंदी सरासरी ३ इंचांहून थोडी अधिक येईल. काडतूस बिघडलेले नाही. अधिक गोळ्या झाडल्यामुळे त्याचा खरा फैलाव दिसू लागला, इतकेच. शिवाय तीन गोळ्यांचे पुंजके फार चंचल असतात. त्याच काडतुसांचा एक पुंजका १ इंचाचा, तर दुसरा ३ इंचांचा सहज येतो.

यातून एक सूक्ष्म चूक जन्मते. एखादा मनुष्य दारूच्या दहा निरनिराळ्या वजनांची काडतुसे भरतो, प्रत्येकी तीन झाडतो आणि ज्याचा पुंजका सर्वांत लहान ते वजन निवडतो. आता ही दहाही वजने गुणाने अगदी सारखी असली, तरी कोणता तरी एक पुंजका सर्वांत लहान येणारच. त्याने उत्तम काडतूस निवडले नाही, नशिबाचा कौल निवडला. पुढच्या खेपेस तेच काडतूस मोठा पुंजका देते, तेव्हा तो हवेला, माशीला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतो. यावर उपाय एकच. निवडलेले काडतूस दुसऱ्या दिवशी, नव्या कागदावर, अधिक संख्येने पुन्हा झाडावे आणि दोन्ही दिवसांची सर्व छिद्रे, मनाला न पटणारीही, एकत्र मोजावीत.

शिकाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक परीक्षा महत्त्वाची. रानात पहिली गोळी थंड नळीतून सुटते. टेबलावर मात्र तिसरी-चौथी गोळी तापलेल्या नळीतून जाते. काळ्या दारूच्या दिवसांत तर पहिल्या बारानंतर नळीत राहणाऱ्या काजळीमुळे पुढच्या बारांचा मार्गच बदले. म्हणून जाणते लोक रोज एकच गोळी त्याच कागदावर झाडीत आणि दहा दिवसांनी तो कागद पाहत. हा कागद बहुधा मनुष्याचा गर्व उतरवणारा असतो. पण जंगलात उपयोगी पडणारे सत्य तोच सांगतो.

दुनळी आणि उन्हाळा

मोठ्या शिकारीसाठी दुनळी रायफल विशेष पसंत केली जाई, कारण दुसरा बार तत्काळ हाताशी असे. परंतु दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी पाडणे हे अवघड काम आहे. उजवी नळी झाडली की बंदूक उजवीकडे व वर वळते, डावी झाडली की डावीकडे. गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच हे वळणे सुरू झालेले असते. म्हणून कारागीर दोन्ही नळ्यांची तोंडे किंचित एकमेकींकडे झुकवून जोडतो, प्रत्यक्ष झाडून पाहतो, जोड सैल करून पुन्हा बसवतो, आणि एका ठरावीक काडतुसाला दोन्ही नळ्या जुळेपर्यंत हे चालू ठेवतो. अशा बंदुकीत मंद काडतूस घातले, तर गोळी नळीत अधिक काळ राहते, बंदूक अधिक वळते आणि दोन गोळ्या परस्परांपासून दूर पडतात. फार जलद काडतूस घातले, तर त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. दुनळीला काडतूस जुळवून घ्यावे लागते, ते असे.

येथे रायपूरच्या हवेचा प्रश्न उपस्थित होतो. १८९८ मध्ये रिग्बी या ब्रिटिश कारखान्याची .४५० ‘नायट्रो एक्सप्रेस’ रायफल आली आणि काळ्या दारूच्या जागी धूर न करणारी कॉर्डाइट दारू मोठ्या शिकारीत रूढ झाली. ही दारू तापमानाला फार संवेदनशील. बंदूक जुळवली जाई इंग्लंडच्या थंड हवेत, आणि ती झाडली जाई मध्यप्रांताच्या उन्हाळ्यात. रायपुरात मे महिन्याचे कमाल तापमान सरासरी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उन्हात राहिलेले काडतूस त्याहूनही तापते. पाणवठे आटल्यामुळे वाघाच्या शिकारीसाठी हेच दिवस सोयीचे मानले जात. अशा वेळी नळीतील दाब वाढे, रिकामी पुंगळी अडकून बसे आणि दोन नळ्यांचा मेळ बिघडे. अडकलेली पुंगळी म्हणजे दुसरा बार गमावणे. यास्तव काडतुसांचे कारखाने उष्ण देशांसाठी दारू कमी घालून वेगळी काडतुसे तयार करू लागले. १९११ च्या .४१६ रिग्बीची पुंगळी मुद्दाम मोठी ठेवण्यात आली, तीही दाब कमी राहावा म्हणूनच. परीक्षा जेथे काडतूस वापरावयाचे तेथील हवेत घ्यावी, हा धडा यातून मिळतो.

१९७० च्या आसपास या मोठ्या मापांच्या काडतुसांचे कारखान्यातील उत्पादन ब्रिटनमध्ये थांबले. ज्यांच्याकडे जुन्या दुनळ्या होत्या, त्यांना परदेशांत, जेथे कायद्याची परवानगी आहे तेथे, पुन्हा हाताने काडतुसे भरण्याकडे वळावे लागले. एका अर्थी फॉर्सिथची ओसरी पुन्हा भरली. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करता येत नाहीत. आणि हे काम अर्धवट ज्ञानावर करणे जिवावर बेतू शकते, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

चुकलेल्या गोळीचे मोल

एवढा खटाटोप कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. मोठ्या जनावराचे मर्मस्थान वीतभर रुंदीचे असते आणि शिकार बहुधा शंभर यार्डांच्या आत होते. मग एक-दोन इंचांचा फरक कोठे भोवणार? याचे उत्तर असे की चुका एकावर एक साचत जातात. काडतुसाचा फैलाव, अंतराचा चुकलेला अंदाज, धापा टाकणाऱ्या माणसाचा हात आणि हाक्यात धावणारे जनावर हे सर्व एकत्र आले, की ती वीत कधी ओलांडली गेली हे कळतही नाही.

आणि रानात चुकलेली गोळी नेहमीच वाया जाते असे नाही. पुष्कळदा ती दुसरीकडे कोठे तरी लागते. १९०७ मध्ये कुमाऊँत जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते. जुन्या गोळीने झालेली ही जखम होती. नेहमीचे भक्ष्य मारता न आल्यामुळे ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटने नोंदविले आहे. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. कोणा अज्ञात शिकाऱ्याची ती गोळी काही इंच इकडे किंवा तिकडे गेली असती, तर ती वाघीण तेथेच मेली असती, नाही तर धडधाकट निघून गेली असती.

अचूकता हा स्वतःपुरता सद्गुण आहे, असेही समजू नये. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडाच्याच उत्तर भागात, राजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही अखेरची निश्चित नोंद समजली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्या रात्री नेम चुकला नव्हता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोठ्या शिकारीचे युग भारतात संपुष्टात आणले. रानम्हैस आज छत्तीसगडचा राज्यप्राणी आहे आणि तिची संख्या अगदी थोडी उरली आहे. २०२० मध्ये आसामातील मानसहून दोन रानम्हशी रायपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील बारनवापारा अभयारण्यात आणण्यात आल्या. रानटी जनावराला असे हलवावयाचे किंवा त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधावयाचा, तर त्याला बेशुद्ध करणे आले. त्यासाठी विशेष बंदुकीतून औषधाची सुई मारावी लागते. सुई मंद गेली, तर ती जनावरापर्यंत पोचत नाही किंवा औषध आत शिरत नाही. फार जोराने गेली, तर स्नायू फाटतो, हाडही मोडू शकते. म्हणून पशुवैद्यास सुईचे वजन, अंतर आणि बंदुकीतील वायूचा दाब यांचे कोष्टक जवळ ठेवावे लागते, आणि प्रत्यक्ष जनावरासमोर जाण्यापूर्वी निशाणावर सुया मारून ते पडताळून पाहावे लागते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एका चांगल्या नेमावर विश्वास टाकू नये, ज्या हवेत काम करावयाचे त्या हवेत परीक्षा घ्यावी आणि वहीत सर्व नोंदी प्रामाणिकपणे कराव्यात, हे जुन्या शिकाऱ्यांचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात. फरक इतकाच की ही परीक्षा नीट उतरली, तर काही वेळाने रानम्हैस आपल्या पायांवर उठून उभी राहते.